टीव्हीची छत्री आणि कोयनेचा पाऊस

१० जुलै २०१९ ची संध्याकाळ. मँचेस्टरला भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना आदल्या दिवशी पावसाने अडला होता, तो आज पुरा होत होता. इकडे कोयनानगरला मामूंच्या घरी आम्ही तेराजण एका टीव्हीसमोर. जडेजा आणि धोनी खेळत होते. शेवटची षटकं आणि मगरिबची वेळ एकदमच आली. मामू उठले, मुलांनाही उठवलं. "रेकॉर्डिंग लावलंय ना? मग चला," म्हणाले. तो नवा एचडी रेकॉर्डर त्यांनी ह्याच सामन्यासाठी, चार महिने पैसे बाजूला टाकून घेतला होता.

नमाजहून परतल्यावर रेकॉर्डिंग लावलं. धोनी समोर उभा, चित्राच्या चौकोनी फरशा झाल्या, मग काळा पडदा आणि "सिग्नल उपलब्ध नाही". चित्र परत आलं तेव्हा न्यूझीलंडचे खेळाडू एकमेकांना मिठ्या मारत होते. धोनी धावबाद कसा झाला हे मामूंनी दुसऱ्या दिवशी कराडच्या एसटीत कुणाच्या तरी मोबाइलवर पाहिलं.

तिकडे पाऊस थांबला होता, इकडे नव्हता. एवढीच गोष्ट.

मामूंनी रेकॉर्डर निवडताना कशाची चूक केली नव्हती. दुकानदाराने सांगितलं ते सगळं त्यात होतं: एचडी चित्र, मोठी हार्डडिस्क, एक वाहिनी बघताना दुसरी टिपायची सोय. फक्त त्या दुकानदाराचं दुकान कराडला होतं. कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. साठेक किलोमीटरवरच्या कराडला त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढाही नाही. कराडला जी छत्री पुरते ती कोयनेला का पुरत नाही, हे त्याला कधी कळायचं कारणच नव्हतं. (आपल्याकडे डिशला छत्री म्हणतात हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो. पावसात बंद पडणारी छत्री!)

घरच्या डिशकडे येणाऱ्या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर असते. त्या विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असलेल्या उपग्रहाकडून येतात आणि शेवटच्या चार-पाच किलोमीटरांत पाऊस त्यांना गाठतो. टपोरे थेंब ह्या लहरी शोषतात आणि इकडेतिकडे उधळतात. जुन्या केबलवाल्यांच्या गच्चीवर आठ-आठ फुटांच्या जाळीच्या डिश असत, त्यांच्या लहरी तिप्पट लांब होत्या, म्हणून पावसाला त्या फारशा जुमानत नसत. पूर्वीच्या अँटेनावर संकेत कमी झाला की मुंग्या यायच्या, पण बातम्या ऐकू तरी यायच्या. डिजिटल चित्राचं तसं नाही. ते एका मर्यादेपर्यंत लख्ख असतं आणि मर्यादा ओलांडली की एकदम जातं. त्यातही एचडी वाहिन्या ज्या पद्धतीने पाठवल्या जातात तिला अनेकदा जास्त स्वच्छ संकेत लागतो, म्हणून पाऊस वाढला की बरेचदा आधी त्याच जातात. एचडी चित्रात साध्या चित्राच्या पाचपट ठिपके असतात, १९२० गुणिले १०८०. पण ते ठिपके खाली पोहोचले तर.

म्हणून माझं म्हणणं असं की कोयनाकाठी टीव्ही घेताना पहिला पैसा छत्रीवर घालावा, बॉक्सवर नाही. कंपनीचा माणूस साधारण साठ सेंटिमीटरची डिश घेऊन येतो. तिच्या जागी नव्वदची बसवली तर पृष्ठभाग सव्वादोनपट होतो आणि तेवढाच जास्त संकेत गोळा होतो. ढगफुटीसारखा पाऊस ह्यानेही अडणार नाही. पण दिवसातून दहा वेळा जाणारं चित्र दोनदा जाईल, आणि आषाढात ते थोडं नाही. मोठ्या डिशची नजर बारीक असते, ती बसवणारा हात सवयीचा हवा. वारंही ती जास्त धरते, तेव्हा पत्र्यावर किंवा कौलांच्या वाशाला नको. भिंतीत नाहीतर काँक्रीटमध्ये खिळवून, गॅल्व्हनाइज्ड नळीवर. केबलचा एक झोळ खाली सोडून मगच ती घरात घ्यावी, म्हणजे पाणी तिच्यावरून बॉक्सपर्यंत येत नाही. एलएनबीच्या जोडाला रबरी टोपी हवीच. मामूंकडे पहिल्या वर्षी त्या जोडात पाणी शिरलं होतं, आणि आम्ही महिनाभर पावसाला बोल लावत होतो.

दुसरी गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही: कुठल्या कंपनीचा उपग्रह आकाशात कुठे आहे. कोयनानगरहून पाहिलं तर टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंश पूर्वेला, म्हणजे दक्षिण-आग्नेयेला क्षितिजापासून सुमारे ६७ अंश उंच. दूरदर्शनच्या फ्री डिशचा ९३.५ अंशावर, नेमका आग्नेयेला, साठ अंशांच्या आसपास. एअरटेलचा १०८.२ अंशावर, बराच पूर्वेकडे आणि ४६ अंशच उंच. उपग्रह जेवढा खाली तेवढी लहर पावसातून तिरकी येते. ४६ अंशावरून येणारीला ६७ अंशावरच्या लहरीपेक्षा सव्वापटीहून जास्त पाऊस कापावा लागतो. शिवाय खोऱ्यात डोंगर आहेत, अंगणात फणस आहेत. हात सरळ पुढे धरून मिटलेली मूठ साधारण दहा अंश मोजते. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत चार-साडेचार मुठींवर झाडाचा शेंडा येत असेल तर पूर्वेकडचा उपग्रह तुमच्यासाठी नाही. उपग्रहांची ताकदही सारखी नसते, तेव्हा खरी परीक्षा शेजाऱ्याकडे: भर पावसात कुणाचं चित्र टिकतं ते जुलैत बघून ठेवावं आणि खरेदी ऑक्टोबरात करावी. बसवून झाल्यावर माणसाला लगेच जाऊ देऊ नये. बॉक्सच्या मेनूत दोन आकडे दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. तो पहिला दाखवतो, आपण दुसरा बघायचा. कोरड्या दिवशी जो चढावा असेल तोच पावसात खर्चायचा असतो.

पैशाचं म्हणाल तर फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही. डिसेंबर २००४ मध्ये ती सुरू झाली तेव्हापासून हेच तिचं बळ. चित्र बहुतेक साधं, एचडी वाहिन्या दूरदर्शनच्याच मोजक्या, त्यासाठी एमपीईजी-४ बॉक्स मागून घ्यावा लागतो. पण क्रिकेटवेड्या घरासाठी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. २००७ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचं चित्र दूरदर्शनला द्यावं लागतं, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणापुरतं आणि फ्री डिशपुरतंच ठेवलं. त्यामुळे असा सामना कधी कधी फुकटच्या छत्रीवर दिसतो आणि खासगी डिशवर त्याच वेळी दूरदर्शनच्या वाहिनीवर दुसरंच काही चालू असतं.

राहिलं रेकॉर्डिंग. एचडीचा एक तास साधारण साडेतीन जीबी खातो. पाचशे जीबीत सव्वाशे-दीडशे तास मावतात. खासगी कंपनीच्या बॉक्सने टिपलेलं कुलूपबंद असतं, दुसऱ्या टीव्हीवर लागत नाही, आणि रिचार्ज संपला की बहुधा तिथेही नाही. फ्री डिशचे यूएसबीवाले बॉक्स पेनड्राइव्हवर टिपतात, ते बरेचदा संगणकावरही चालतं. मात्र पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर चार जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात मावत नाही. आता कंपन्यांचा भर इंटरनेटवर चालणाऱ्या बॉक्सवर आहे. खोऱ्यात जिथे मोबाइलची रेंज शोधायला गच्चीवर जावं लागतं तिथे तो घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा. "ह्यात हार्डडिस्क आहे का?" हा प्रश्न आज विचारावाच लागतो.

आणि छत्रीच्या तोंडातून जे आलंच नाही ते रेकॉर्डरही टिपत नाही. हे मामूंना त्या धोनीने शिकवलं. ह्यावर तोड मामीने काढली. तिची मालिका संध्याकाळची, रमजानात तर ऐन इफ्तारच्या धांदलीत येणारी. तिच्या लक्षात आलं की बहुतेक मालिका दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवतात. ती दोन्ही वेळा टिपायला लावते. रात्रीचा भाग पावसाने खाल्ला तर सकाळचा बहुधा धड निघतो. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत, आकाश कोरडं असताना, ती डिस्क भरून ठेवते: जुने सिनेमे, स्वयंपाकाचे कार्यक्रम, नातवंडांसाठी प्राण्यांचे माहितीपट. पापड, कुरडया, सुकट, तशी ही बेगमी. रोजे आता दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत हिवाळ्याकडे चाललेत, म्हणून तिची इफ्तारची अडचण सध्या पावसाची नाही. पण २०१५-१६ चे जून-जुलैतले रोजे ती विसरलेली नाही.

झडीत वीजही जाते. धरणाच्या पायथ्याशी राहून अंधारात बसायचं हा इथला जुना विनोद आहे. बॉक्सला बहुधा बारा व्होल्टचा छोटा अडॅप्टर असतो, तेव्हा लहानसा इन्व्हर्टर टीव्हीसकट संध्याकाळ काढतो. गडगडाट सुरू होण्याआधीच मात्र बेगमी बाजूला ठेवून प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढावीत.

मागच्या जुलैत गेले तेव्हा मामूंनी नव्वदची छत्री दाखवली. खाली भिंतीवर खडूने तारखा आणि क्वालिटीचे आकडे: ८४, ८२, मग ६१. "६१ कशाने? पाऊस?" मी विचारलं.

"नाही गं, वानर बसलं होतं," मामू म्हणाले.