वारा, लाट आणि फुगवटा : एका बेटाचे तीन नकाशे

ज्या घरात क्रिकेट बघतात तिथे व्हिव्ह रिचर्ड्स आणि कर्टली अँब्रोज ही नावं माहीत असतात. दोघेही अँटिग्वा बेटाचे. वेस्ट इंडीज हा एक देश नाही, समुद्रात विखुरलेली बेटं आहेत. त्यांतल्या अँटिग्वा आणि बार्बुडा या दोन बेटांचा मिळून एक छोटा देश होतो. आज क्रिकेटचं बोलायचं नाही. या बेटांवर येणाऱ्या वादळांचा नकाशा कसा काढतात, ते सांगणार आहे. २०२० च्या निसर्ग वादळापासून आपल्या बचत गटांच्या बैठकीत एक प्रश्न सारखा निघतो, घर पुन्हा बांधायचं तर नेमकं कुठे आणि कसं? त्या लोकांना हा प्रश्न आपल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा पडलेला आहे.

१९९५ च्या सप्टेंबरात तिथे लुईस नावाचं मोठं वादळ आलं, १९९८ च्या सप्टेंबरात जॉर्जेस. त्यानंतर अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेने अमेरिकी सरकारच्या मदतीतून या बेटांचे वादळ-धोक्याचे नकाशे करून घेतले. असा नकाशा करायची रीत ऐकायला अवघड, पण समजायला सोपी आहे. बेट आणि भोवतालचा समुद्र रांगोळीच्या ठिपक्यांसारखा चौकोनांत वाटायचा. प्रत्येक चौकोनाची माहिती भरायची : जमीन किती उंच, समुद्र असेल तर तळ किती खोल, वर झाडी आहे की घरं की मोकळं माळरान. मग जुन्या वादळांची नोंदवही काढायची. त्या समुद्रातल्या वादळांच्या नोंदी १८५१ पासूनच्या आहेत. त्यातलं एकेक वादळ संगणकावर पुन्हा त्या बेटाजवळून न्यायचं आणि प्रत्येक चौकोनात वारा किती लागला, लाट किती उठली, पाणी किती चढलं, हे मोजत जायचं.

इथे तीन वेगळे नकाशे तयार होतात, आणि माझ्या मते सगळं महत्त्व त्या ‘वेगळे’ या शब्दात आहे. वादळ एकच असलं तरी तिन्ही धोके एका जागी जास्त नसतात.

वाऱ्याचं बघा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की घरावरचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी १०० किलोमीटरला टिकलेलं छप्पर २०० ला टिकेल का, याचं उत्तर तिथेच मिळतं. आणि छप्पर बहुतेक वेळा दाबलं जात नाही, वर उचललं जातं, म्हणून ते खाली घट्ट बांधलेलं असावं लागतं. आपल्या जुन्या चौपाखी घरांना दोन पाख्यांच्या घरांपेक्षा वारा कमी त्रास देतो, हे तिथल्या अभ्यासातूनही दिसलं आहे. वारा सगळ्यात जास्त लागतो तो डोंगराच्या धारेवर, कारण चढ चढताना तो दाटतो आणि वेग घेतो.

पाण्याचा फुगवटा नेमका उलट, सखल भागात. वादळाच्या पोटात हवेचा दाब कमी असतो. दाब एक मिलिबार उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर वर येतो. मोठ्या वादळात एवढ्यानेच मीटरभर पाणी चढू शकतं. पण खरं पाणी ढकलतो तो वारा. परातीतल्या पाण्यावर जोरात फुंकर घाला, पाणी काठावर चढेल. खोल हंड्यात तेच पाणी खालून परत फिरतं. समुद्राचंही असंच. किनाऱ्यालगत लांबवर उथळ असेल तर फुगवटा मोठा, एकदम खोल असेल तर लहान. मात्र खोल किनाऱ्याचं बेट सुटलं असं समजू नये. तिथे फुगवटा कमी, पण लाटा न मोडता थेट काठावर येतात. उथळ पाण्यात किंवा प्रवाळाच्या खडकावर लाट आधीच फुटते आणि तिचा जोर मरतो. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन, ते भिंतीवर आपटलं की काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

म्हणजे पाण्याला घाबरून माणसं टेकडीच्या माथ्यावर गेली तर वाऱ्याच्या तोंडी जातात, आणि वाऱ्याचा आडोसा म्हणून खाली बसली तर पाण्यात. निवाऱ्याची शाळा कुठे असावी, दवाखाना कुठे असावा, हे तिन्ही नकाशे एकावर एक ठेवूनच ठरवता येतं.

६ सप्टेंबर २०१७ ला इर्मा वादळाचा डोळा थेट बार्बुडावरून गेला. बार्बुडा सपाट चुनखडीचं बेट, कॉड्रिंग्टन हे एकच गाव, तेही खाजणाच्या काठाला. जवळपास सगळ्या इमारतींना फटका बसला, एक लहान मूल दगावलं, आणि मागून दुसरं वादळ येतंय म्हणून सुमारे १८०० लोकांना अँटिग्वाला हलवावं लागलं. अख्खं बेट रिकामं झालं. अँटिग्वाचं मात्र तुलनेने फार थोडं नुकसान झालं. उत्तर गोलार्धात वादळाच्या चालीच्या उजव्या हाताला वारा जास्त असतो. इर्मा पश्चिमेकडे चाललं होतं, अँटिग्वा त्याच्या डाव्या हाताला आणि थोडं दूर होतं. वाटेतल्या एवढ्याशा फरकावर दोन बेटांचं नशीब ठरलं.

सवयीनेही फसगत होते. तिथे वारे बहुधा पूर्वेकडून येतात, म्हणून पश्चिम किनारा आडोशाचा समजतात. १९९९ च्या नोव्हेंबरात लेनी नावाचं वादळ उलट्या दिशेने, पश्चिमेकडून पूर्वेकडे आलं आणि ग्रेनाडासारख्या बेटांचे शांत पश्चिम किनारेच लाटांनी झोडपले.

आता नकाशावरचे आकडे. ‘१०० वर्षांतून एकदा येणारं वादळ’ असं लिहिलेलं असतं. ऐकणारी म्हणते, आताच येऊन गेलं, आता माझ्या नातवंडांच्या काळात येईल. तसं नाही. त्याचा अर्थ, दर वर्षी शंभरात एक शक्यता. गटाचा हिशोब ठेवणाऱ्यांना हे कर्जाच्या मुदतीवरून पटकन कळेल. घराचं कर्ज वीस वर्षांचं आहे आणि घर फक्त २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या वाऱ्याला टिकेल असं बांधलंय, तर हप्ते संपायच्या आत त्याहून मोठा वारा येण्याची शक्यता शंभरात ५६. म्हणजे निम्म्याहून जास्त! तेच घर ५० वर्षांच्या वाऱ्याला टिकेल असं बांधलं तर ३३, आणि १०० वर्षांच्या वाऱ्याला टिकेल असं, तर १८. छपराला जास्तीचे हुक आणि पट्ट्या घालायला पैसे लागतात, म्हणून आपण ते शेवटी ठेवतो. हप्ते मात्र घर पडलं तरी चालूच राहतात.

तिथला नकाशा उचलून आपल्याला लावता येणार नाही, त्याचं एक मोठं कारण भरती-ओहोटी. अँटिग्वाला भरती-ओहोटीतला फरक हातभरसुद्धा नसतो, वादळ केव्हाही आलं तरी पाण्याचा हिशोब फारसा बदलत नाही. कोकणात उधाणाच्या दिवशी हा फरक दोन मीटरच्या वर जातो, मुंबईकडे चारच्याही वर. म्हणून हवामान खात्याच्या इशाऱ्यात ‘भरतीच्या पातळीपेक्षा इतके मीटर जास्त’ असं सांगतात, ते भरतीत मिळवून बघायचं. भरतीची वेळ आपल्याकडच्या मच्छीमार बायका तिथीच्या पाऊणपटीने काढतात. निसर्ग आलं त्या ३ जूनला सकाळी द्वादशी संपून त्रयोदशी लागत होती, म्हणजे पूर्ण भरती सकाळी नऊ-दहाला आणि पुन्हा रात्री नऊ-दहाला. वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान, पाणी ओसरत असताना.