ध्वनि आणि चित्र वाहून नेणाऱ्या तारा

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या स्नेहसंमेलनांत एक लहान विद्यार्थी स्वागताच्या भाषणास उभा राहिला. परंतु सभागृहांत त्याच्या शब्दांऐवजीं अखंड गुणगुणाटच ऐकूं येऊं लागला. बिचारा गोंधळून खालीं बसला. दोष त्याचा नव्हता, माझा होता. मायक्रोफोनची साधी तार मीं दिव्यांच्या तारेला बांधून रंगमंचापर्यंत नेली होती. त्या दिवशीं जें शिकलों, तें विद्यार्थिमित्रांस सांगतों.

मायक्रोफोनमधून निघणारा विद्युत्संदेश अत्यंत क्षीण, बहुधा कांहीं सहस्रांश व्होल्टचाच असतो. घरांतील वीज सेकंदास ५० आवर्तनें करिते व शेजारच्या तारेंत आपलें गुंजन उमटविते. यास्तव मायक्रोफोनसाठीं 'बॅलन्स्ड' केबल वापरतात. हिच्यांत एकमेकींस पीळ घातलेल्या दोन तारा व त्यांभोंवतीं धातूच्या जाळीचें कवच असतें. एकींतून संदेश सुलट जातो, दुसरींतून उलट. बाहेरचें गुंजन मात्र दोहोंत सारखेंच शिरतें. समजा, संदेश ५ व गुंजन २ आहे. तर एकींत ७ व दुसरींत उणे ३ येतील. यंत्र दोहोंची वजाबाकी करितें व १० उरतात. संदेश दुप्पट होतो, गुंजन नाहींसें होतें! बीजगणिताचा उपयोग काय, असें विचारणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

लाउडस्पीकरकडे जाणारा प्रवाह मोठा असतो. म्हणून तेथें जाड तांब्याची तार हवी, कवचाची गरज नाहीं.

चित्रासाठीं ध्वनीहून कितीतरी जलद स्पंदनें न्यावीं लागतात. त्याकरितां ७५ ओहमची कोअॅक्शियल केबल असते: मध्यें एक तार, तिच्याभोंवतीं विद्युत्‌रोधक थर, त्यावर जाळी. एचडीएमआय केबल चित्र व ध्वनि दोन्ही नेते, परंतु थोड्याच अंतरापर्यंत. फार दूर जाणें असेल तर कांचेचा प्रकाशतंतु घ्यावा. विजेचें गुंजन त्यास स्पर्शहि करीत नाहीं.

आपल्या पुण्यास ही विद्या परकी नाहीं. प्रभात फिल्म कंपनी १९३३ सालीं कोल्हापुराहून येथें आली. 'संत तुकाराम' हा १९३६ सालचा बोलपट येथेंच तयार झाला. त्याच आवारांत १९६० सालीं चित्रपटशिक्षणाची संस्था स्थापन झाली, व ध्वनिलेखन हा तेथील एक अभ्यासविषय आहे.

सारांश, मायक्रोफोनची तार विजेच्या तारेपासून दूर ठेवावी. ओलांडणें भागच असेल तर काटकोनांत ओलांडावी. पुढील वर्षीं तार नीट घालून मीं त्याच मुलास पुन्हां उभें केलें. त्याचा शब्द न् शब्द शेवटच्या बांकापर्यंत पोंचला.