बुलढाण्यात सगळ्या लहरी हजर!

समृद्धी महामार्गावरून मेहकरला किंवा सिंदखेडराजाला उतरताना काचेवरच्या फास्टॅगकडे एकदा नीट बघा. त्यात बॅटरी नाही. आहे ती एक इवलीशी चिप आणि कागदासारखी पातळ अँटेना. तरी पैसे कापले जातात, कारण नाक्यावरचा रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी सोडतो. त्या लहरींतली चिमूटभर ऊर्जा घेऊन चिप जागी होते आणि आपला नंबर कळवते. थोडक्यात, तुमच्या खात्यातून पैसे काढायला लागणारी वीजसुद्धा नाक्यावरूनच येते. टोल घेणाऱ्यांकडून फुकट मिळणारी ही बहुधा एकमेव गोष्ट!

शाळेत विद्युतचुंबकीय वर्णपट पाठ करताना घाम फुटायचा: रेडिओ, सूक्ष्मलहरी, अवरक्त, दृश्य प्रकाश, अतिनील, क्ष-किरण, गॅमा. नावं सात, पण घराणं एकच. पोकळीत सगळ्यांचा वेग सारखा, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. फरक फक्त लांबीचा. आकाशवाणी नागपूरच्या ५८५ किलोहर्ट्झवरच्या कार्यक्रमांची एकेक लहर ५०० मीटरहून लांब. क्ष-किरणाची मात्र अणूएवढी. ही सगळी भावंडं आपल्या जिल्ह्यात रोज राबतात.

घट आणि रडार

जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पावसापाण्याचं भाकीत सांगितलं जातं. तिकडे नागपूरला हवामान खात्याचं डॉप्लर रडार साधारण १० सेंटिमीटर लांबीच्या लहरी ढगांवर सोडतं. पावसाच्या थेंबांवर आपटून परत आलेल्या लहरींवरून पाऊस कुठे आहे, किती आहे आणि वाऱ्यासोबत कुठे सरकतोय हे कळतं. घट सांगतो अख्ख्या वर्षाचं, रडार सांगतं पुढच्या काही तासांचं. पेरणीच्या दिवसांत बरेच जण दोन्हीकडे कान लावून असतात. पण वाळत घातलेलं सोयाबीन झाकायचं की नाही, हे विचारायचं असेल तर रडारलाच विचारा.

वीज पडते तेव्हा तीही रेडिओ लहरी सोडते. जुन्या ट्रान्झिस्टरवर गाण्याच्या मधेच होणारी खरखर म्हणजे तीच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या ‘दामिनी’ अ‍ॅपमागचं तंत्र हीच खरखर पकडतं. ठिकठिकाणच्या संवेदकांपर्यंत ती किती फरकाने पोहोचली, त्यावरून वीज कुठे कडाडली ते काढतात. शेतात राबणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये हे अ‍ॅप असायलाच हवं.

लोणार गुलाबी झालं तेव्हा

जून २०२०. हिरवट दिसणारं लोणारचं पाणी अचानक गुलाबी झालं आणि उपग्रहाच्या छायाचित्रांतही रंगाचा हा बदल टिपला गेला. व्हॉट्सअ‍ॅपवर तर्कांना ऊत आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा खारट पाण्यात फोफावणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव सापडले. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि त्यांचं फावलं. त्यांच्या अंगातलं रंगद्रव्य पांढऱ्या उन्हातला निळा-हिरवा भाग गिळतं; उरलेला लालसर भाग आपल्या डोळ्यांत येतो. गंमत म्हणजे बाटलीत भरलेलं ते पाणी स्थिर ठेवलं की सूक्ष्मजीव तळाला बसायचे आणि वर राहायचं ते साधं, नितळ पाणी!

अवरक्त लहरी बघायच्या तर लोणारला जायची गरज नाही. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण बऱ्याच फोनच्या पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. रिमोट बिघडलाय की नुसते सेल गेलेत, याचा अंदाजही त्यातून येतो.

अतिनील लहरी आपल्याला दिसत नाहीत, किडींना दिसतात. म्हणून तर शेतातल्या प्रकाश सापळ्यावर पतंग आणि हुमणीचे भुंगेरे झेपावतात. दिवा रात्रभर ठेवायचा नाही, संध्याकाळचे काही तासच. नाहीतर मित्रकीटकही फुकट मरतात. नोटेवरचे क्रमांक अतिनील दिव्याखाली चमकतात, तो याच लहरींचा दुसरा धंदा.

खामगावची चांदी, क्ष-किरणांची परीक्षा

रजतनगरी म्हणून मिरवणाऱ्या खामगावची चांदी दूरवर जाते. तिची शुद्धता आता यंत्रावरही तपासता येते. पैंजण यंत्रात ठेवायचं, झाकण लावायचं. आत क्ष-किरणांचा मारा होतो आणि धातूचे अणू आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे क्ष-किरण परत फेकतात: चांदीचे सुमारे २२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे, तांब्याचे सुमारे ८ चे. कोणते किती आले, ते मोजलं की भेसळ उघडी. दागिन्याला ओरखडाही नाही. पण हे यंत्र पाहतं फक्त वरचा थर, जेमतेम केसाच्या जाडीएवढा. जाड मुलामा दिलेली वस्तू त्याला चकवू शकते. त्यामुळे चांदी वितळवून पाहणाऱ्या जाणत्या कारागिराची गादी अजून शाबूत आहे.

गॅमा किरण म्हटलं की अणुबॉम्बच आठवतो. पण भाभा अणुसंशोधन केंद्र बियाण्यावर अशा किरणांचा मारा करून नवे गुण शोधतं आणि त्यातून वाण घडवतं. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासोबत तयार झालेला, १९८५ चा उडदाचा ‘टीएयू-१’ त्यातलाच. वऱ्हाडातल्या कैक घरांचे पापड-वडे या उडदावर झाले असतील. बियाणं त्याने किरणोत्सारी होत नाही, हेही सांगून टाकतो. लासलगावच्या केंद्रात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून हेच किरण वापरतात, आणि २००७ पासून अमेरिकेला जाणारा हापूसही किरणांची आंघोळ करूनच विमानात बसतो.

आता भीतीचं बोलू. गावात मोबाइलचा टॉवर उभा राहायला लागला की निवेदनं सुरू होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये या रेडिओ लहरींना ‘२-ब’, म्हणजे ‘कदाचित’ या गटात टाकलं. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. टॉवरसाठी भारताने २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्शाची मर्यादा घातली आहे. ज्या उन्हात आपण बिनधास्त फिरतो, ते मात्र पहिल्या गटात, ‘कर्करोगकारक, पुरावा पक्का’ या सदरात बसलंय. तेव्हा टॉवरविरुद्ध निवेदन द्यायला तहसीलवर जायचं असेल तर खुशाल जा. फक्त मे महिन्यात दुपारी बाराला नको, आणि डोक्याला दुपट्टा बांधून जा.