नर्सबाईंच्या हाती सुई की लेखणी?

लसीकरणाच्या दिवशी एखाद्या आरोग्य उपकेंद्रात तासभर बसून पाहावे. ओट्यावर तान्ही बाळे मांडीवर घेऊन आया बसलेल्या असतात. आशाताई एकेकीला नावाने हाक मारतात. नर्सबाई बाळाला लस टोचतात. त्याला एखाद-दोन मिनिटे लागतात. मग लिहिणे सुरू होते. आईजवळच्या माता-बाल संरक्षण कार्डावर एक नोंद, नोंदवहीत दुसरी, त्या दिवसाच्या तक्त्यावर तिसरी आणि मोबाइलवर किंवा टॅबवर चौथी. महिनाअखेरीस त्याच आकड्यांची बेरीज पुन्हा अहवालात जाते.

आता थोडा हिशेब करू. समजा, त्या दिवशी ३० बाळे आली आणि प्रत्येक नोंदीला सरासरी दोन मिनिटे लागली. चार नोंदींची आठ मिनिटे झाली. ३० बाळांचे २४० मिनिटे, म्हणजे चार तास केवळ लिहिण्यात गेले. टोचण्याला त्याच्या निम्माही वेळ लागला नाही.

‘सरकारी काम म्हटले की कागद आलेच, त्यात आरोग्याचा काय संबंध?’ असे कुणी विचारील. संबंध आहे, आणि तो थेट आपल्या बाळाशी आहे.

न सांगितलेल्या चार गोष्टी

लस दिल्यावर नर्सबाईंनी प्रत्येक आईला चार गोष्टी सांगायच्या असतात. पहिली, आज कोणती लस दिली आणि ती कोणत्या आजारापासून वाचवते. दुसरी, लसीनंतर कोणता त्रास होऊ शकतो आणि झाल्यास काय करावे. तिसरी, पुढच्या लसीसाठी केव्हा यायचे. चौथी, कार्ड जपून ठेवायचे आणि येताना बरोबर आणायचे. शिवाय लस दिल्यानंतर बाळाला अर्धा तास केंद्रातच थांबवून घ्यायचे असते.

घाई झाली की सर्वांत आधी हेच बोलणे गळते. कारण न लिहिलेली नोंद वरच्या कचेरीत दिसते, न बोललेले वाक्य कुणाला दिसत नाही. मग रात्री बाळाला ताप येतो. पंचगुणी लसीनंतर एक-दोन दिवस ताप येणे, टोचल्या जागी सूज व दुखणे हे बहुधा साधे असते. पण आईला ते कुणी सांगितलेले नसते. ती घाबरते, घरातील वडीलधारी माणसे ‘पुन्हा नेऊ नकोस’ म्हणतात आणि पुढचा डोस चुकतो. बाळाचे नाव नोंदवहीत नीट लिहिलेले असते, संरक्षण मात्र अर्धवट राहते.

कागद वाढले कसे?

आपल्याकडे आरोग्याचे कार्यक्रम एकेक करून आले. १९५२ मध्ये कुटुंबनियोजन, १९५३ मध्ये हिवताप नियंत्रण, १९५५ मध्ये कुष्ठरोग, १९६२ मध्ये क्षयरोग, १९७८ मध्ये लसीकरण. प्रत्येकाचे अधिकारी वेगळे, नमुने वेगळे, अहवाल वेगळे. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने सुचवले, की एकेका रोगासाठी वेगळा कर्मचारी न ठेवता गावपातळीवर बहुउद्देशीय कर्मचारी नेमावेत. सूचना शहाणपणाची होती. घरोघर वेगवेगळी माणसे फिरण्यापेक्षा एकाच ओळखीच्या माणसाने सर्व पाहणे केव्हाही चांगले. पण खालची माणसे एक झाली, तरी वरचे विभाग वेगळेच राहिले. प्रत्येक विभागाचा नमुना मग त्याच एका टेबलावर येऊन पडू लागला.

पुढे संगणक आला. २००८ मध्ये आरोग्य माहितीची संगणकीय व्यवस्था सुरू झाली, २००९ च्या अखेरीस माता व बालकांची नावानिशी नोंद सुरू झाली, २०१६ मध्ये परिचारिकांसाठी टॅबवरचे ॲप आले. त्यानंतर मधुमेह-रक्तदाबाच्या तपासणीसाठी वेगळे आणि लसीकरणासाठी वेगळे. यंत्र आले की वही जाईल अशी अपेक्षा होती. पुष्कळ ठिकाणी वही राहिली आणि यंत्रही आले. रेंज नसली तर ते काम रात्री घरी बसून करावे लागते.

उपकेंद्र सपाट प्रदेशात ५ हजार आणि डोंगरी व आदिवासी भागात ३ हजार लोकसंख्येसाठी असते. म्हणजे एवढ्या माणसांमागे नर्सबाईंचे जे तास आहेत, त्यातून हा वेळ वजा होतो.

ब्रिटनचा अनुभव

हा रोग केवळ आपला नाही. ब्रिटनमध्ये १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा आहे. डॉ. मॅक्स गॅमन या ब्रिटिश डॉक्टरांनी तेथील रुग्णालयांचे १९६५ ते १९७३ या काळातील आकडे मांडले. एकूण कर्मचारी २८ टक्क्यांनी वाढले होते, कचेरीतील कर्मचारी ५१ टक्क्यांनी वाढले होते. पण रोज भरलेल्या खाटांची सरासरी ११ टक्क्यांनी घटली होती. आता, रुग्ण लवकर बरा होऊन घरी गेला तरी भरलेल्या खाटा कमी दिसतात, तेव्हा एवढ्यावरून सेवा बिघडलीच असे म्हणता येणार नाही. पण माणसे आणि पैसा वाढला म्हणजे सेवा आपोआप वाढते, हा समज त्या आकड्यांनी खोटा ठरवला.

आपल्या दुखण्याचे रूप थोडे निराळे आहे. तिथे कारकून वाढले. आपल्या खेड्यात कारकून नेमलाच जात नाही. नर्सबाईंनाच कारकून केले जाते. पगारपत्रकावर त्या परिचारिका असतात, म्हणून हा खर्च कुठल्याही हिशेबात दिसत नाही.

रकाना भरला, तपासणी राहिली

याहून मोठा धोका गरोदर मातेला आहे. तिची किमान चार वेळा तपासणी व्हायला हवी आणि दर वेळी वजन, रक्तदाब, रक्तातील हिमोग्लोबिन, लघवी व पोट तपासायला हवे. रक्तदाब नीट मोजायचा तर तिला पाच मिनिटे शांत बसवावे लागते. बाहेर रांग, टेबलावर वह्या आणि दुपारी आढावा बैठक असेल तर ती पाच मिनिटे कुठून आणायची? अशा वेळी न मोजताच रकान्यात ‘नेहमीचा’ आकडा लिहिण्याचा मोह होतो. वहीत एकाखाली एक ११०/७० दिसू लागले, की समजावे, यंत्र कमी आणि लेखणी जास्त चालली आहे.

गरोदरपणात रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असणे ही धोक्याची खूण आहे. जोडीला डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडा-हातांवर सूज असेल तर झटके येऊन आई व बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय. ७ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तिला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे लागते. रिकामा रकाना निदान प्रश्न तरी उभा करतो. खोटा भरलेला रकाना सर्वांना निर्धास्त करतो.

शाळेतही तेच

शिक्षकांची स्थिती वेगळी नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका यांखेरीज शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावण्यास मनाई केली आहे. पण शाळेतच बसून भरायच्या माहितीला अंत नाही. पोषण आहाराचा हिशेब, विद्यार्थ्यांची ऑनलाइन माहिती, लोहगोळ्यांचा तक्ता, जंतनाशक दिनाचा अहवाल. जंतनाशकाची गोळी शिक्षकांसमोर चावून खायची असते आणि आजारी मुलाला त्या दिवशी द्यायची नसते. म्हणजे इथे गुरुजींचे डोळे मुलाकडे हवेत. ते तक्त्याकडे असले तर गोळी दप्तरात जाते आणि अहवालात ‘दिली’ अशी नोंद होते.

नोंद हवीच, पण कशी?

यावरून सगळे कागद जाळावेत असे कुणी समजू नये. नोंदीशिवाय सार्वजनिक आरोग्य चालत नाही. पोलिओचेच पाहा. आपल्याकडे पल्स पोलिओ मोहीम १९९५ मध्ये सुरू झाली. घरोघर जाणारे पथक भिंतीवर खडूने खूण करी. सर्व बालकांना डोस मिळाला असेल तर ‘पी’, कुणी राहिले असेल तर ‘एक्स’. ‘एक्स’ असलेल्या घरी पथक पुन्हा जाई. कुठे मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला, तर त्याची खबर तातडीने पोहोचे आणि शौचाचे दोन नमुने तपासणीला जात. देशातील शेवटचा नैसर्गिक पोलिओरुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

भिंतीवरचे ते एक अक्षर उपयोगी पडले, कारण ते पाहून दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्या दारात उभे राहत होते. कोणतीही नोंद या एका कसोटीवर घासावी : ती वाचून उद्या कुणाकडे जायचे हे कळते का? कळत असेल तर ती औषधाइतकीच मोलाची आहे. जी फक्त वर जाते आणि परत कधी येत नाही, ती बंद करावी, किंवा दुसरीत मिसळावी. एकदा लिहिलेली माहिती पुन्हा लिहायला लावू नये, एवढा एक नियम पाळला तरी कितीतरी तास रुग्णांकडे परत येतील.

आपण काय करावे?

नर्सबाईंवर रागावून उपयोग नाही. त्या या व्यवस्थेत सर्वांत जास्त भरडल्या जातात. आपल्या हाती मात्र काही गोष्टी आहेत.

लसीकरणाहून निघताना वरील चार गोष्टी स्वतः विचाराव्यात. अर्धा तास थांबावे. टोचल्या जागी हळद, तेल किंवा आणखी काही चोळू नये. तापाचे औषध किती द्यायचे ते केंद्रातच विचारून घ्यावे.

गरोदर स्त्रीने किंवा तिच्या सासूबाईंनी ‘आज रक्तदाब किती आला?’ असे दर वेळी विचारावे आणि आकडा कार्डावर पाहावा. पट्टा दंडाला न बांधताच आकडा लिहिला गेला तर ‘ताई, एकदा मोजून बघा’ असे नम्रपणे म्हणावे.

ग्रामसभेत आणि गावच्या आरोग्य समितीत नोंदवह्यांची संख्या नव्हे, तर वेळेचा हिशेब विचारावा. गेल्या महिन्यात गृहभेटींना किती दिवस मिळाले, बैठका व अहवालांत किती गेले? उत्तर ऐकून दोष नर्सबाईंच्या माथी मारू नये. ते ठरावात लिहून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवावे.

हाही एक कागदच झाला खरा. पण तो वाचून कुणाला तरी आपल्या गावाकडे पाहावे लागेल.