पाण्याखालील लोखंडी नळ व गंजाची तपासणी

नदीकाठच्या सहकारी उपसा जलसिंचन संस्थांचे लोखंडी नळ वर्षानुवर्षे पाण्यात बुडालेले असतात. वरून पाहता सारे ठीक दिसते. परंतु ऐन उन्हाळ्यात, उभा ऊस पाण्यासाठी आसुसलेला असताना, नळास भोक पडते व सभासदांच्या पाण्याच्या पाळ्या चुकतात. हे भोक एका दिवसात पडलेले नसते.

पाण्यातील लोखंडास गंज चढणे ही वस्तुतः एक सूक्ष्म विद्युत्क्रिया होय. नळाच्या ज्या भागातून विद्युत्प्रवाह पाण्यात जातो, तेथील लोखंड विरघळते. रंगाचा लेप हा पहिला बचाव. पण त्यास कोठे ना कोठे ओरखडा पडतोच.

यावरील उपाय घरच्या जस्ती बादलीत दिसतो. ओरखडा पडला तरी ती लवकर गंजत नाही. कारण जस्त स्वतः आधी झिजते व लोखंडास राखते. सर हंफ्री डेव्ही यांनी १८२४ साली हेच तत्त्व जहाजांच्या तळावरील तांब्याच्या पत्र्यासाठी सुचविले होते. मुंबई हायपासून उरणपर्यंत आहेत तशा समुद्रतळावरील नळांना ठराविक अंतरावर जस्ताची किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची कडी बसविण्याची रीत आहे. गोड्या पाण्यात बहुधा मॅग्नेशियमचे ठोकळे वापरतात.

ठोकळे बसविले म्हणजे काम संपले असे नव्हे. समुद्रात पाणबुडे किंवा दूरनियंत्रित याने नळाच्या कडेने जाऊन ठोकळा किती झिजला व नळाचा विद्युद्दाब किती, हे पाहतात. पुष्कळांची फसगत होते ती येथेच. काही वर्षांनंतरही ठोकळा नव्यासारखा दिसला की समाधान वाटते. परंतु न झिजलेल्या फाळाने नांगरट केलेली नसते, तद्वत त्या ठोकळ्याची नळाशी जोडणीच तुटलेली असण्याचा संभव असतो. क्वचित लेप उत्तम असल्यामुळेही झीज कमी होते. खरे काय ते मापनानेच कळते.

मापनास लागणारे द्रव्य शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. ते म्हणजे बोर्डो मिश्रणातील मोरचूद. तळाशी सच्छिद्र बूच असलेल्या नळकांडीत मोरचुदाचे संपृक्त द्रावण भरून त्यात शुद्ध तांब्याची कांडी ठेवतात. हा घट पाण्यात नळाच्या अगदी जवळ धरावा. एक तार कांडीस व दुसरी नळाच्या खरवडून स्वच्छ केलेल्या धातूस जोडून मध्ये व्होल्टमापक ठेवावा. आकडा उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक उणे आल्यास सामान्यतः नळ सुरक्षित समजतात, उणे ०.६० च्या आसपास आल्यास संरक्षण अपुरे आहे. गोड्या पाण्यातून वीज सहज वाहत नाही, म्हणून घट दूर धरल्यास आकडा फसवा येतो. खाऱ्या पाण्याने मोरचुदाचा घट बिघडतो. यास्तव समुद्रात चांदीचा घट वापरतात व तेथे मर्यादा उणे ०.८० व्होल्ट धरतात.

हे काम जाणकार तंत्रज्ञाकडूनच करवून घ्यावे. तत्पूर्वी पंपाचा वीजपुरवठा मुख्य स्विचापासून बंद करावा. पंप चालू असता कोणीही पाण्यात उतरू नये. प्रत्येक आकड्यासमोर काठापासूनचे अंतर लिहावे आणि पूर ओसरल्यावर त्याच जागी पुन्हा मापन घ्यावे, कारण वाहून आलेल्या ओंडक्यांच्या व दगडगोट्यांच्या माऱ्याने ठोकळ्यांच्या जोडण्या तुटू शकतात.