आकृती बरोबर, तरी अँप्लिफायर का बिघडतो?

गावात कार्यक्रम असला की माईकवाला सर्वांत आधी माईक भोंग्यापासून दूर नेतो. नाही नेला तर भोंगा शिट्टी मारू लागतो. माईक चांगला, मशीन चांगली, भोंगाही चांगला. मग बिघाड कुठे? मांडणीत! नखाहून लहान चिपमध्येही हेच घडते, हे आम्हांला आमच्या घरातच पाहायला मिळाले.

आम्ही मारेगावात बरीच वर्षे रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्त केले. आमची भाची नागपूरला इलेक्ट्रॉनिक्स शिकते; इंजिनिअरिंगला गेलेली घरातली ती पहिलीच मुलगी. प्रकल्पासाठी तिने एक अँप्लिफायर चिप आखली. आकृती संगणकावर तपासली, सगळे उत्तम. मग लेआउट काढला, म्हणजे सिलिकॉनवर कोणता ट्रान्झिस्टर कुठे बसेल आणि धातूची कोणती पट्टी कुठून जाईल याचा प्रत्यक्ष आराखडा. पुन्हा तपासले तर वेग निम्म्यावर आलेला आणि अँप्लिफायर शिट्टी मारण्याच्या बेतात. सुटीत ती उतरल्या तोंडाने घरी आली. म्हणाली, “मामा, आकृती तर बरोबर आहे, मग हे असं कावून करते? मले हे जमत नाही.”

आम्ही म्हटले, “बाई, आधी रेघ आणि तार यांतला फरक पाहू.”

रेघ आणि तार

कागदावरची रेघ ही नुसती रेघ असते. चिपवर तिची धातूची पट्टी होते. विहिरीपासून वावरापर्यंतचा पाइप आठवा. पाइप स्वतः भरल्याशिवाय पाणी पुढे पोचत नाही, आणि पाइप बारीक असेल तर जोर कमी होतो. पट्टीला भरावे लागणे ही तिची कपॅसिटन्स, आणि तिचा बारीकपणा हा तिचा रोध. आकृती तपासणारा ‘स्पाइस’ हा प्रोग्रॅम अमेरिकेत बर्कले विद्यापीठात 1973 साली तयार झाला. पण तो सांगितले तेवढेच मोजतो. तारेचे गुण त्याला सांगितलेच नाहीत, तर तो ते धरणार कसे?

बिघाड कुठे लपतो?

पहिली जागा: आत येणारी आणि बाहेर जाणारी पट्टी शेजारी धावणे. दोन्हींमध्ये 10 फेम्टोफॅरड इतकी नगण्य कपॅसिटन्स असली आणि त्या टप्प्याची वाढ उलट दिशेची, 100 पट असली, तर आतल्या बाजूला ती सुमारे 1,000 फेम्टोफॅरडसारखी भासते. मिलर या शास्त्रज्ञाने व्हॉल्वच्या काळात, 1920 साली, हे दाखवून दिले होते.

दुसरी जागा: अर्थची बारीक पट्टी. तिचा रोध 20 ओहम असला आणि तीतून 1 मिलिअँपिअर करंट गेला तर 20 मिलिव्होल्ट तिथेच खर्च होतात. एका ट्रान्झिस्टरच्या करंटची नक्कल दुसऱ्याने करायची असते, तिथे एवढ्याने करंट पाचव्या हिश्शाएवढाही चुकू शकतो.

तिसरी जागा: जोडी. अँप्लिफायरच्या तोंडाशी दोन ट्रान्झिस्टर बैलजोडीसारखे सारखे लागतात. एक इकडे, एक तिकडे, दोघांची तोंडे वेगळी, मग औत वाकडेच जाणार. म्हणून प्रत्येकाचे दोन तुकडे करून अ-ब-ब-अ असे लावतात.

शोधायची रीत

लेआउट आकृतीशी जुळतो का, ही तपासणी आधी करावी. पण ती पास झाली म्हणजे काम संपले असे नव्हे. तिला जोडण्या कळतात, अंतर कळत नाही. मग प्रत्येक ठिकाणचा स्थिर व्होल्टेज आणि करंट दोन्ही निकालांत ताडून पाहावा. तो हलला असेल तर संशय रोधावर किंवा जोडीवर. तो जागच्या जागी असून वेगच घटला असेल तर संशय कपॅसिटन्सवर. नंतर एकदा फक्त कपॅसिटन्स धरून आणि एकदा फक्त रोध धरून हिशेब करावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

भाचीने हेच केले. स्थिर व्होल्टेज जागेवर होते. फक्त कपॅसिटन्स धरताच वेग पडला. दोन पट्ट्या शेजारी सापडल्या. त्या लांब केल्या, मधून अर्थची पट्टी नेली. निकाल आकृतीच्या जवळ आला.

हे वेळीच करणे का महत्त्वाचे? 2022 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘चिप्स टू स्टार्टअप’ कार्यक्रमात विद्यार्थ्यांच्या चिप मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत घडवल्या जातात. चिप एकदा घडली की आमची सोल्डरिंग गन तिथे काही कामाची नाही. पुढच्या वेळेची वाट पाहावी लागते, आणि विद्यार्थ्याचे वर्ष तोवर निघून जाते.

आई-वडिलांना आमचे एवढेच सांगणे: मूल निराश होऊन आले तर ‘हे आपले काम नव्हे’ असे त्याला म्हणू नका. आकृती आणि लेआउट यांत फरक पडणे हा अक्कल कमी असल्याचा पुरावा नाही. नामांकित कंपन्यांतल्या इंजिनिअरांनाही तो रोज शोधावा लागतो. मुलाला विचारा, ‘तारेचा हिशेब धरला काय?’ आमच्या भाचीला त्या सुटीत तेवढाच प्रश्न हवा होता.