पाहणाऱ्याचा डोळा

भयपट पाहावयास जाणारा मनुष्य पैसे देऊन भय विकत घेतो आणि खेळ संपतांच निर्धास्तपणें घरीं परततो. आपण केवळ पाहणारे, ही त्याची ढाल असते. ती ढालच काढून घेणारा चित्रपट १९६० सालीं इंग्लंडांत निघाला. मायकेल पॉवेल यांचा 'पीपिंग टॉम'.

त्याचा नायक मार्क हा स्टुडिओंत कॅमेऱ्यावर काम करणारा लाजाळू, मृदुभाषी तरुण. तिवईच्या एका पायांत दडविलेल्या पात्यानें तो स्त्रियांचा वध करितो आणि त्या क्षणींची त्यांची मुद्रा टिपून ठेवतो. कॅमेऱ्याला आरसाही जोडलेला. मरणारीला स्वतःचेंच भय त्यांत दिसावें, हा हेतु. मागाहून एकांतांत तीं चित्रें तो पाहत बसतो. त्याच्या शास्त्रज्ञ पित्यानें भीतीच्या अभ्यासासाठीं लहानपणीं त्यालाच भिववून त्याचें चित्रण केलेलें असतें. विशेष हें कीं, तो पिता स्वतः पॉवेल झाले, आणि बालक मार्क त्यांचाच मुलगा.

आरंभींचा वध दिसतो तो मार्कच्या कॅमेऱ्यांतून. अर्थात् खुन्याचा डोळा तोच प्रेक्षकाचा डोळा. ब्रिटिश टीकाकार खवळले, चित्रपट लवकरच उतरला आणि पॉवेल यांच्या कारकीर्दीस जबर धक्का बसला. पुढें मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या प्रयत्नानें १९७९ सालीं न्यू यॉर्कच्या महोत्सवांत तो पुन्हां दाखविला गेला.

रक्तपात त्यांत थोडाच दिसतो. तरीही प्रेक्षक अस्वस्थ होतो. कारण मार्क अंधारांत बसून जें करितो, तेंच तोही करीत असतो. मार्कचा आरसा अखेर त्याच्याहि समोर येतो.